दिसला नाही, असे लिहावे

ओल्या काचेवर काच फिरते तेव्हा घर्र घर्र असा जो आवाज येतो, तो पन्नास वर्षांनंतरही माझ्या कानात आहे. जामनेरला माझ्या भाड्याच्या खोलीत तेलाच्या रिकाम्या पिंपावर काच ठेवून संघपाल तिच्याभोवती फेऱ्या मारत आमच्या दुर्बिणीचा आरसा घासायचा. ज्याला एवढे स्पष्ट आठवते त्याची बुद्धी शाबूत आहे असे समजण्यास हरकत नसावी. तरीही डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मी, प्रेमराज पुना बोरसे, वय ७७, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार देवपूर, धुळे, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक कन्या कामिनी हिला. तिने स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये. तिची आई त्या खिडकीतून गच्चीकडे हाक मारायची, "अहो, आभाळातून खाली या, भाकरी निवतेय." आता भाकरी गरम असते आणि हाक नसते.

२. माझी जुनी क्रमिक पुस्तके, ज्याला एक तरी कविता चालीवर म्हणता येते त्यालाच द्यावीत. रद्दी म्हणून तोलून नेणाऱ्यास जिन्यावरूनच परत पाठवावे.

३. शेजारी नवलभाऊ यांस माझी काळी छत्री. त्यांनी गच्चीवर हॅलोजन लावल्यापासून माझे अर्धे आकाश गेले. छत्री त्या दिव्यावर धरावी, ही नम्र विनंती.

४. आठ इंची दुर्बीण, तिच्या आरशासह, संघपाल भटू सुरवाडे यांस. मुक्काम दीपनगर, पूर्ण पत्ता वकीलसाहेबांनी मिळवावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

३० ऑगस्ट १९७५. पोळ्याला पाच-सहा दिवस होते, पावसाने उघडीप दिली होती. शाळेत माझ्या हाताखालून गेलेला संघपाल तेव्हा वायरमनचा कोर्स करत होता. गच्चीवर तो म्हणाला, "सर, हंसाच्या शेपटीजवळ हा कोण पाहुणा?" खरोखरच हंस तारकासमूहात तिथे एक ठळक नवा तारा होता. आठ-दहा दिवसांत तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला, म्हणून तर आम्ही आरसा घासायला घेतला. मग तीन वर्षे त्या उतरत्या उजेडाच्या मागे राहिलो. शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून आकड्यात अंदाज करायचा आणि एकमेकांना न दाखवता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा. तारा सापडला नाही, तर "दिसला नाही" असे लिहायचे. न दिसणे हीसुद्धा नोंद, हा नियम संघपालचा.

१९७८ च्या दिवाळीनंतर त्याच्या चिठ्ठीवर "दिसला नाही" येऊ लागले. माझ्या चिठ्ठीवर मात्र "दिसला". मला तो दिसायला हवा होता. साफ यादी करून निरीक्षकांच्या मंडळाला पाठवण्याचे काम माझे. मी संघपालच्या पाच "नाही" नोंदी गाळल्या आणि त्यांच्या जागी त्याच्याच नावावर माझे आकडे घातले. पोराचे डोळे थकलेत, असे मनाला सांगितले. मंडळाचे उत्तर आले: एवढ्या दुर्बिणीतून हा तारा आता दिसणे शक्य नाही, दोघांच्याही नोंदी यापुढे घेतल्या जाणार नाहीत.

संघपाल पत्र घेऊन आला. "सर, तुम्ही तारा नाही बघितला, कविता बघितली. खुशाल बघा. पण माझ्या नावानं कशाला?"

चूक कबूल करायची सोडून मी म्हणालो, "कोळशाच्या धुरात राहणाऱ्याला आभाळातलं काय कळणार?" दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी लागून त्याला दोनच महिने झाले होते. तो जिना उतरला. त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली.

पुढे वाचून कळले ते असे. नवतारा म्हणजे ताऱ्याचा जन्म नव्हे आणि मरणही नव्हे. श्वेत बटू नावाचा लहानसा, घट्ट, म्हातारा तारा असतो. जवळचा जोडीदार आपला वायू त्याच्यावर सांडत राहतो, थर साचतो आणि एक दिवस भडका उडतो. उडालेले कवच दूर पसरत विरते. तेज आधी झपाट्याने आणि मग वर्षानुवर्षे सावकाश उतरते. पण दोन्ही तारे तिथेच असतात, एकमेकांभोवती फिरत. काही शास्त्रज्ञ म्हणतात, पुढे तो ओघ आटतो आणि जोडी हजारो वर्षे निपचित पडते. काहींना हे पटत नाही. मोठ्या दुर्बिणींना आमचा तारा आजही सापडतो म्हणे. हे तेव्हा ठाऊक असते, तर न दिसणाऱ्याला दिसला म्हणायची वेळ माझ्यावर आली नसती.

५. मंडळाला पाठवलेल्या यादीतले ते पाच आकडे खोटे असून ते माझे आहेत. संघपालने "दिसला नाही" हेच लिहिले होते. ही दुरुस्ती मृत्युपत्राचाच भाग समजावी. दुर्बीण त्याने नाकारली, तर ती कोणालाही देऊ नये.

६. मी गेल्यावर "आबा तारा झाले" असे कोणी सांगू नये. तारा होणे म्हणजे काय, याची मला थोडी माहिती आहे.

ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळ

साक्षीदार, दोघेही समक्ष हजर: १. जीवराम, निवृत्त पोस्टमन. २. पुष्पाबाई, खालच्या मजल्यावरील. (छत्री मिळणार असल्याने नवलभाऊंनी साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला. त्यांना वाईट वाटलेले नाही.)

लिहून ठेवणार:

पेन टेकवले तोच दार वाजले. पुष्पाबाई उठल्या. "आबा, दारमा कोनी बाई उभी शे."

चाळिशीची बाई, मी कधी न पाहिलेली. म्हणाली, "मी संघमित्रा, संघपाल सुरवाडेंची मुलगी. वकिलांच्या कारकुनाचा फोन आला होता, बाबांचा पूर्ण पत्ता हवा म्हणून. कशासाठी, ते बाबांनी खोदून खोदून काढून घेतलं. खाली रिक्षात बसलेत. गुडघ्यांमुळे दोन जिने जमत नाहीत त्यांना."

"काही म्हणाला?"

"म्हणाले, मेल्यावर कशाला देता? सरांना म्हणावं, खाली या."

जीवरामभाऊ म्हणतात, "सही तर करून जा!" एवढे लिहून पेन ठेवतो. सही वर आल्यावर.