सगुणाच्या पावलांची व्यवस्था

मी, हैबतराव कुशाबा गोळे, वय ७६, धंदा शेती, राहणार पिरंगुट, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, माझ्यामागे काय व्हावे ते कोणाच्या धाकाने किंवा भुलीने नव्हे, तर राजीखुशीने लिहून ठेवतो. यकृताच्या कर्करोगाने शरीर संपत आले आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. माझी पत्नी सगुणाबाई हयात आहे. सहा वर्षांपासून तिला विस्मरणाचा आजार आहे. मला ती ‘पाहुणे’ म्हणते. राहते घर ती असेपर्यंत कोणी विकू वा पाडू नये, आणि तिला तिथून हलवू नये.

२. पुढील मजकूर वकिलांनी गाळायला सांगितला होता. मी ठेवला आहे. आजारात सगुणाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. उंबऱ्याशी आली की उभीच राही. मला वाटे, मुद्दाम करते. दोन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्यात मी चिडून तिचा हात ओढला. ती पडली, खुबा मोडला. पाय घसरला, असे मी सगळ्यांना सांगितले. ते खोटे होते.

३. ऑपरेशननंतर व्यायाम घ्यायला गौतमी नावाची फिजिओथेरपिस्ट येई. ती म्हणाली, ठेका ऐकला की अशा काही माणसांचे पाय उचलतात, पण ठेका ओळखीचा हवा. आजींना कसली गाणी आवडायची, असे तिने मला विचारले. बावन्न वर्षांचा संसार, आणि मला सांगता येईना.

माझी थोरली भावजय गंगूबाई तिथेच बसली होती. ती म्हणाली, “भात कांडताना लई गायची ती. तुमीच बंद केलं न्हाई का, भावजी?”

खरे आहे. पंचायतीत निवडून आल्यावर बायकोने लग्नघरी जाऊन कांडणाची गाणी म्हणावीत, हे मला कमीपणाचे वाटले होते. वहिनींनी मुसळ आणले आणि रिकाम्या उखळात संथ घाव घालू लागल्या. सगुणाचा उजवा पाय उचलला. मग डावा. ओटीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ती गेली. त्या दिवसापासून दवाखान्यात जाईपर्यंत रोज सकाळी मी काठीने फरशीवर ठेका धरला.

वहिनींच्या विहिरीची वाट मी अकरा वर्षे अडवली आहे. ती कायमची मोकळी करावी.

४. माझा मुलगा किशोर मारुंजीस असतो. यंदा मार्चमध्ये मी दवाखान्यात असताना त्याने ठेका मोबाईलवर भरून घेतला, मोबाईल आईच्या कमरेच्या पिशवीत ठेवून चालू केला आणि दुसऱ्या फोनवर बोलायला आत गेला. ठेका थांबला नाही, म्हणून सगुणाही थांबली नाही. फाटकातून बाहेर पडून ती शेजारी नव्या बंगल्याच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. दुपारी सापडली तेव्हा हात मोडलेला होता. मातीच्या भिंतीला तोंड करून ती जागच्या जागी पाय उचलत होती. मोबाईल वाजत होता.

“आबा, पाचच मिनिटं आत गेलो हुतो,” किशोर म्हणाला. मी त्याला बोललो नाही. मला तोंड नव्हते.

म्हणून यापुढे यंत्राचा ठेका लावू नये. ठेका धरणारे माणूस तिच्या शेजारी असावे, आणि वेग तिच्या पावलाचा असावा.

५. आमची भाडेकरू उषा जालन्याहून कारखान्यात कामाला आली आहे. मार्चपासून तीच रोज ठेका धरत सगुणाला कोपराला धरून चालवते. ती भाड्याने राहते त्या रस्त्याकडच्या दोन खोल्या माझ्यामागे कायमच्या तिच्या. उरलेले घर सगुणानंतर व शेत माझ्यामागे लगेच किशोरला. त्याने रोज सकाळी येऊन उषाकडून ठेका शिकावा. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. टिकवायची की नाही ते किशोरने ठरवावे.

एक दिवस ठेक्यालाही पाय उचलणार नाहीत. तेव्हा तिला बसू द्यावे.

६. या सर्वाची अंमलबजावणी पुतण्या शेखर याने करावी.

७. माझ्या अंत्ययात्रेत हलगी, टाळ, काहीही वाजवू नये. वाजले तर सगुणाचे पाय उचलतील, आणि आपण कोणाच्या मागे चाललो आहोत हे तिला कळणार नाही.

हे वाचून घेऊन, समजून, दोघांच्या समक्ष सही केली.

हैबतराव कुशाबा गोळे

साक्षीदार :
१. एकनाथ पवळे, निवृत्त शिक्षक
२. अमोल ढमाले, शेजारी

पिरंगुट, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५