लाट तूर्त निरंक

४ नोव्हेंबर

आजपासून नियमित रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मीही आता त्यांच्यातच जमा. ऑफिसात बारा देशांच्या फ्लूवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे. कुठल्या देशात किती जणांना फ्लू झाला ते दर आठवड्याला तक्त्यात भरायचं आणि आपल्याकडे लाट कधी येणार ते सांगायचं. आधीचे गृहस्थ नुसते आकडे भरायचे. मी अंदाज करणार. डोकं लागतं त्याला.

संकल्प: पहाटे उठून व्यायाम. बारा देश मुखोद्गत. शिंक आलीच तर कोपरात.

११ नोव्हेंबर

व्यायाम राहिला. गजर झाला म्हणे, पण तेव्हा मी झोपेत होतो. त्याला कोण काय करणार?

तक्ता उघडला तर उत्तरेचा शेजारी देश आणि बेटवाले, दोघांचेही रकाने मोकळे! ऑफिसचा दंडक आहे, रकाना मोकळा सोडू नये, काही नसेल तर 'निरंक' लिहावे. ठळक टायपात लिहिलं. छान दिसतं. आपल्याकडे दरवर्षी लाट येते ती उत्तरेच्या शेजाऱ्याकडून. त्याच्याकडेच नाही म्हटल्यावर संपलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

समोरच्या टेबलावर शंकासुर बसतो (नाव मीच ठेवलंय, त्याला कल्पना नाही). त्याने विचारलं, रकाना मोकळा म्हणजे रुग्ण नाहीत, की नुसती माहिती आली नाही? मी म्हटलं, निरंक म्हणजे निरंक. त्याने फायलीत डोकं घातलं. पटलेलं दिसलं.

१२ नोव्हेंबर

अंदाज जाहीर! लाट यंदा उशिरा, जानेवारीच्या अखेरीस. आमच्या वरिष्ठ, म्हणजे मोठ्या बाई, नक्की ना म्हणाल्या. मी छातीठोकपणे नक्की म्हणालो. ऑफिसातलं लसीकरण त्यांनी लगेच पुढे ढकललं. माझ्या शब्दाला वजन आलं आहे.

घरी सासऱ्यांच्या लसीचा विषय निघाला. गेल्या हिवाळ्यात फ्लूने त्यांची छाती भरली होती. दवाखान्यात ठेवावं लागलं. पुन्हा तसं झालं तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलंय. ही म्हणाली, उद्याच टोचून आणते. मी शांतपणे समजावलं की लसीचा जोर हळूहळू उतरतो, आत्ता घेऊन ऐन लाटेत काय उपयोग? आपण सगळे डिसेंबरच्या अखेरीस घेऊ. ही 'बरं' म्हणाली. हिने इतक्या चटकन 'बरं' म्हणणं म्हणजे माझ्या अभ्यासाला मिळालेली पावतीच.

१८ नोव्हेंबर

दोन्ही देश पुन्हा निरंक. व्यायामाचे बूट आणले. जरा चावतात.

२६ नोव्हेंबर

ऑफिसात खोकल्याची साथ. साथ म्हणजे फॅशन. एक खोकला की दुसरा खोकतो, जांभईसारखं. एसीही फार लावतात. टायपिस्ट बाई रजेवर, ड्रायव्हर रजेवर. महिनाअखेर आली की लोकांची अंगं कशी दुखायला लागतात बघा! शंकासुर तापाने फणफणलाय. सतत शंका घेतल्यावर दुसरं काय होणार.

मोठ्या बाईंना मीटिंगमध्ये ओळीने शिंका आल्या. ही ॲलर्जी, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. डोळेही लाल होते. ॲलर्जीच.

२ डिसेंबर, दुपार

बारा देशांची ऑनलाइन बैठक. उत्तरेच्या शेजाऱ्याकडून आकडे पाठवणाऱ्या ज्या बाई आहेत, त्या शाल गुंडाळून, नाक पुसत आल्या. अत्यंत गोड आवाजात विचारलं, आम्हाला निरंक कुणी केलं? त्यांची अख्खी प्रयोगशाळा फ्लूने आडवी झाली आहे म्हणे. तपासणार कोण आणि आकडे पाठवणार कोण? लाट ऐन भरात आहे. बेटवाल्यांनीही खोकत खोकत दुजोरा दिला.

मी प्रसंगावधान राखलं. नेट गेल्यासारखा, तोंड अर्धवट उघडं ठेवून, अजिबात न हलता बसलो. तेवढ्यात मागून शिपाई आला आणि टेबलावर चहा ठेवून गेला. बाराही देशांनी बघितलं.

२ डिसेंबर, संध्याकाळ

घसा खवखवतोय. बोलणं फार झालं आज. हुडहुडीही भरलीय. एसी!

बसमध्ये एकदम सासरे आठवले. घरी येऊन थेट खोलीत शिरलो, दार लावलं, आतून हिला सांगितलं की कुणी जवळ येऊ नका, आणि बाबांना आत्ताच्या आत्ता टोचून आणा. ही म्हणाली, बरं, झोपा.

३ डिसेंबर

ताप. अंदाज गेला खड्ड्यात. पलीकडच्या खोलीत सासरे झोपलेत. मला भीती वाटतेय, खरीखुरी. ते खोकतात की काय म्हणून भिंतीला कान लावून बसलो. खोकला ऐकू आला आणि ताडकन उभा राहिलो. तो माझाच होता.

५ डिसेंबर

सासरे मास्क लावून गरम पाणी घेऊन आत आले. मी ओरडलो, बाबा, बाहेर व्हा! ते शांतपणे खुर्चीत बसले. म्हणाले, मी टोचून घेतलंय, गेल्या महिन्यातच. लस उशिरा घेण्यावर माझं भाषण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही त्यांना घेऊन गेली होती. स्वतःही घेतली, पोरांनाही दिली. मला तेवढं वगळलं.

हिला जाब विचारला. ही म्हणाली, तुमचा डिसेंबरअखेरचा अभ्यास होता ना, म्हटलं कशाला मोडता घाला. आणि बोलले असते तर तुम्ही बाबांनाही अडवलं असतंत.

खरं आहे. अडवलं असतं. सासरे ठणठणीत आहेत, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तापात येतं.

दाराबाहेर सासऱ्यांनी हिला विचारलं, जावईबापूंचा काय अंदाज, ताप कधी उतरणार? मी आतूनच खणखणीत उत्तर दिलं, उद्या सकाळी नक्की!

हिने लगेच ऑफिसला फोन करून आठवड्याची रजा सांगितली.