गोधडीखालचा स्टोव्ह

९ जानेवारी १९७९, मंगळवार — ओल्ड लँडिंग

या घरात पाय ठेवणार नाही म्हणाले होते. ठेवला.

दुपारी विमान उतरवलं तेव्हा उणे एकेचाळीस. उतरल्याउतरल्या, इंजिन तापलेलं असतानाच, तेल डब्यात काढून घेतलं, नाहीतर आतच गोठतं. विमानाच्या स्कीखाली स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या सारल्या, नाहीतर सकाळपर्यंत बर्फाला चिकटून बसतात. बॅटरी काढली. विमानाच्या नाकावर गोधडी घातली. मग एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि लाथ मारून दार उघडलं कॉस्मसकाकांचं.

काय वास! ओलं कुत्रं, बीव्हरची कातडी, तंबाखू, आणि कोपऱ्यात टायटसची खाट — अजून तशीच, अंथरूणसुद्धा न काढलेली. खाटेखाली कॉफीच्या डब्यात त्याची कवळी. काका म्हणाले, "आणून देऊ का? त्याच्या शवपेटीत ठेवायची असेल." मी म्हटलं, "मला दाखवू नका."

आजच त्याला उचलून परत जायचं होतं. पण पेटीला अजून झाकण नाही. काका सत्तरीचे, हात थरथरतात, तरी दुसऱ्या कुणाला रंधा धरू देत नाहीत. "माझ्या घरात वीस वर्षं राहिला. त्याचं झाकण मीच करणार." करा.

बाप होता, पण मी त्याला टायटसच म्हणते. आईसमोर सुद्धा. आई काही बोलत नाही.

दवाखान्यातल्या रेडिओवरून घरी भावाला, आंब्रोजला, कळवलं — उद्या दुपारपर्यंत आणते, कबरीचा खड्डा पुरा करा. चार दिवस जाळ करकरून जमीन विरघळवतायत ते. इकडे मी इंजिन विरघळवणार. एका माणसाला जमिनीत घालायला किती ते लाकूड न् पेट्रोल.

१० जानेवारी, बुधवार

आजचा दिवस शेणात गेला.

सकाळी पाहते तर काका माझ्या तेलाच्या डब्यात थुंकतायत. चुलीमागे दोन डबे शेजारी शेजारी, एक त्यांच्या तंबाखूचा, एक माझा. "चाळीस वर्षांत नेम चुकला नाही माझा," म्हणाले. मी म्हटलं, "नेम नाही हो चुकला काका, डबा चुकला." हसले. मला हसू आलं नाही. इथे दुसरं तेल मिळत नाही. लोकरी मोजा धुऊन त्यातून सगळं गाळलं. ते काळं तेल, त्यात तरंगणारं ते — लिहवत नाही.

मग इंजिन तापवायला दोन तास गोधडीखाली. नाकावरून गोधडी बर्फापर्यंत सोडायची, कडा बर्फाने दाबायच्या, आणि आत उकिडवं बसायचं, पंपाच्या स्टोव्हशेजारी. डोक्यावर थंड लोखंड, पायाशी जाळ. केसांना पेट्रोलचा वास, घशात पेट्रोलची चव. एक हात आग विझवायच्या नळकांड्यावर. आणि उठायचं नाही; नजर हटली की गोधडी पेटते, मग विमान. काय वाट्टेल ते झालं तरी उठायचं नाही. आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात. ज्याचा स्टोव्ह, त्याने बसायचं.

टायटस उठला होता. म्हणूनच तर.

मी सहा वर्षांची. आम्ही क्रो क्रीकला अडकलो होतो, त्याच्या टपालाच्या विमानाच्या फेरीवर, तो, आई न् मी. घरापासून लांब, एका खोपटात. मला ताप होता. एवढंच आठवतं — आईने मला उचलून छातीशी धरलं होतं, आणि खिडकी नारिंगी झाली. नंतर बाहेर काळा सांगाडा. त्याने सगळ्यांना सांगितलं, "मी मिनिटभर उठलो होतो." मिनिटभर! विमान गेलं, टपाल गेलं, कंत्राट गेलं. ज्याने पेटता स्टोव्ह सोडला त्याच्या विमानात नदीवरचं एक माणूस पुन्हा बसलं नाही. बसणार कसं? शाळेत मला म्हणायचे, जाळवाल्याची पोर. दोन वर्षं त्याने मान खाली घालून काढली, प्यायला लागला, मग एक दिवस इकडे निघून आला. आई, मी, आंब्रोज — आम्ही तिथेच राहिलो टोमणे खात.

विमान शिकले ते त्याच्या नाकावर टिच्चून. नऊ वर्षांत एकदाही स्टोव्ह सोडला नाही. एकदा तिथेच मुतले पण उठले नाही. ही माझी कमाई.

असो. पंखा हाताने सहज फिरला, म्हणजे आत सुटलं. गरम तेल ओतलं. बटण दाबलं. तीनदा खोकलं, दोन सिलेंडर पेटले, आणि मेलं. पुन्हा — काहीच नाही. प्लगवर दव धरून बर्फ झालं होतं. बाराच्या बारा प्लग उघड्या बोटांनी काढले, बोटांची कातडी लोखंडाला. घरात आणून काकांच्या तव्यात भाजले. परत लावेपर्यंत इंजिन थंड, बॅटरी बसलेली, उजेड गेलेला. तेल परत डब्यात.

त्याच तव्यात काकांनी मूस हरणाची चरबी तळली. "खा, लोह आहे त्यात." खाल्ली. भूक लागली की शरम राहत नाही.

संध्याकाळी रेडिओवर निरोपांच्या कार्यक्रमात, सगळ्या नदीला ऐकू जाईल असं: "ओल्ड लँडिंगला व्हर्नासाठी, आंब्रोजकडून. खड्डा झाला. आई जाळापाशी बसली आहे. उठत नाही. लवकर ये."

मीच कळवलं होतं ना, पुरा करा म्हणून. उघडा खड्डा आमच्या गावात रिकामा सोडत नाहीत. सोडला की तो आणखी कुणाचा जीव मागतो म्हणतात. काठावर जाळ पेटता ठेवायचा आणि घरच्या कुणीतरी राखायचा. पण घरचं म्हणजे आंब्रोज आहे, त्याची बायको आहे. आईचं एकच फुप्फुस धड. दुसरं क्षयाने नेलं. या थंडीत अशीच बाहेर बसून राहिली तर ती जाईल. एका टायटसपायी!

११ जानेवारी, गुरुवार

उणे त्रेपन्न. बर्फाचं धुकं, विमानाची शेपटीसुद्धा दिसत नाही. बॅटरी दवाखान्यात नेऊन भरून आणली. रेडिओ: "आई अजून तिथेच. खोकते आहे. कुणाचं ऐकत नाही."

१२ जानेवारी, शुक्रवार

लाज वाटते लिहायची. पण दुसरं कुणाला सांगणार.

आज उणे अडतीस, आभाळ मोकळं. काकांचं झाकण काल झालं. पेटी सकाळीच चढवली, मागची सीट काढून. गावातली चार माणसं आली होती. एकाने पेटीवर हात ठेवून म्हटलं, "आता आमची इंजिनं कोण गरम करणार?" मला वाटलं चेष्टा करतोय. मी वळून बघितलंच नाही.

गोधडीखाली गेले. काका कडेला ओंडक्यावर बसले आणि कापडाबाहेरून बोलत राहिले. नको म्हटलं तरी.

"वीस हिवाळे इथे उतरलेलं प्रत्येक विमान त्याने गरम केलं. पायलट आत चहा पीत बसायचे, हा असा बाहेर. डाव्या पायाची दोन बोटं गेली, तरी उठला नाही."

"उशिरा शिकला म्हणायचं," मी म्हटलं.

"हो ना. मी तेच विचार करायचो. एवढा चिकट माणूस एकदाच कसा उठला?"

"आम्हाला विचारा. आम्ही भोगलंय."

"त्याला विचारलं होतं मी एकदा. म्हणाला, चहा ओत."

मग ते गप्प झाले. बरं वाटलं. थोड्या वेळाने धप् असा आवाज, आणि कण्हणं. "काका?" काही नाही. "काका?"

मी उठले.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. विचारसुद्धा केला नाही. कापड वर केलं आणि बाहेर. ते ओंडक्यावरून घसरून डोक्यावर पडले होते, कपाळातून रक्त. त्यांना बसतं केलं, एवढंच. वीस श्वास झाले असतील. वळले तर गोधडीच्या कडेतून धूर, आणि धुरात पिवळं. हातमोजे घातलेल्या हातांनीच दाबत सुटले. नळकांडं आत, स्टोव्हशेजारी. स्टोव्ह लाथेने बर्फात उडवला. विझलं. ताटाएवढं भोक पडलंय. इंजिन वाचलं. एक हातमोजा जळाला, डाव्या तळव्यावर फोड.

वर पेट्रोलची टाकी, मागे पेटी. आणखी वीस श्वास, आणि टायटस दुसऱ्यांदा विमानासकट.

थुंकावंसं वाटलं स्वतःवर. शेवटी त्याचीच लेक. रक्तातच असणार ही घाण.

काका कपाळाला बर्फ लावत म्हणाले, "कुणी पडलं तर माणूस उठतोच गं."

"नाही उठायचं असतं."

"मग का उठलीस?"

मी तळव्यावर बर्फ घासत राहिले.

तळवा बांधल्यावर त्यांनी खाटेखालून टायटसचे हातमोजे काढून दिले. कोपरापर्यंतचे, लांडग्याच्या कातड्याचे, तेलाने काळे कुळकुळीत, ठिकठिकाणी होरपळलेले. वास तर असा — पेट्रोल, मासळी, आणि तो. "घाल, ऊब आहे," म्हणाले. मी ते विमानात पेटीमागे फेकले आणि हाताला फडकं गुंडाळलं. दिवस गेलाच होता. तेल डब्यातच राहिलं. डबा आज माझ्या उशाशी.

रेडिओ: "आईने आज काही खाल्लं नाही. म्हणते, इथून उठणार नाही."

१३ जानेवारी, शनिवार

निघाले. काकांनी भोकावर आपली घोंगडी धरली, दोन तास, कपाळाला पट्टी बांधून. हलले नाहीत. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. जाताना म्हणाले, "कवळी पेटीत घातली मी. रागावू नकोस."

दोन तास वीस मिनिटं हवेत. फोड फुटला. पेटी मागे दर झोक्याला कुरकुरत होती. वाटेत मी तिच्याशी बोलले, जे तोंडावर कधी बोलले नव्हते ते. सगळं. शिव्यासुद्धा.

वरून आमचं गाव दिसायच्या आधी जाळाचा धूर दिसला.

१४ जानेवारी, रविवार — घरी

पुरलं काल संध्याकाळच्या आत. सगळे जेवायला गेले. आई जाळापाशीच. ओठ निळे, पापण्यांवर बर्फ. मी म्हटलं, "आता तरी ऊठ. झालं सगळं. एवढं काय होतं त्या माणसात?"

ती माझ्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. काय झालं विचारलं. सांगितलं. उठले म्हणून सांगितलं.

मग ती जाळाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी स्टोव्हपाशी मी होते. तो टपालाची पोती आणायला गेला होता. आत तू खोकत होतीस. खोकता खोकता आवाज थांबला. मी उठले."

मी जाळात एक लाकूड सारलं.

"स्टोव्हपाशी मी होतो म्हणून सांगू, म्हणाला. आपल्या खोकल्यापायी झालं हे पोरीला कळता कामा नये, जन्मभर मनाला लावून घेईल. एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायला हवं होतं मी. नाही धीर झाला."

उचलून आत आणली तिला. हलकी आहे. रात्रभर खोकत होती. आत्ता झोपली आहे. मी शेजारून उठलेले नाही.

फक्त एकदा उठले. बाबांचे हातमोजे विमानातून आणले. घातलेत. अजून तोच वास आहे.