शेकड्याचा आकडा

ता. ४ मार्च

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

काल आमच्या संग्रहालयात आपला शिलालेख साफ केला. 'आपला' म्हणते, कारण जुनी अक्षरं मला तुम्हीच शिकवलीत. दगडावर कागद थोपटून घेतलेल्या शाईच्या ठशावरून तुम्ही त्यावरचा शक आठशेतला लावलात. मी मऊ ब्रशनं चुना काढला, दिवा आडवा धरला, तर शेकड्याच्या आकड्याला डोक्याशी गाठ निघाली. काका, तो आठ नाही, नऊ आहे. चार वेळा पाहिलं. फोटो सोबत आहेत.

म्हणजे लेख शंभर वर्षांनी अलीकडचा, आणि त्याहून जुनी मराठी ओळ दुसरीकडे सापडलेली आहे. बाकी वाचन तुमचंच बरोबर: वर सगळं संस्कृत, आणि शेवटच्या ओळीत 'तेयाचें', 'केलें' अशी चक्क मराठी. पण तुमच्या पुस्तकावर 'मराठीचं सर्वांत जुनं वाक्य' असं छापणार आहेत, आणि छपाई पंधरा तारखेला. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. हवं तर रागवा, पण गप्प बसू नका.

तुमची,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बाई गं, काय बॉम्ब टाकलास! पत्र वाचून काका खोलीत गेले, ते जेवायलाच बाहेर आले आणि भरल्या ताटावरून उठले. फार विचारलं तर म्हणाले, कालपर्यंत 'ळ' उलटा काढायची, ती मला वाचायला शिकवते. मग स्वतःच ओशाळले. प्रकाशकाचा दोनदा फोन आला. खुणेनं मला 'घरी नाहीत' म्हणायला लावलं. उभ्या जन्मात या माणसानं मला खोटं बोलायला लावलं नव्हतं.

मला तुमच्या शकातलं ओ की ठो कळत नाही. पण काल जुना ठसा खिडकीच्या काचेला लावून तासभर पाहत होते. तुझी नजर चुकली असेल का गं? असेल तर लगेच कळव. नसेल तरी कळव.

काळजीत,
काकू

ता. ११ मार्च

ती. काकूस सा. न.

आज पुन्हा पाहिलं. नऊच आहे. चुकले असते तर नाचले असते. प्रकाशकाला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. ते काकांनीच करायचं. त्यांना औषध वेळेवर दे.

भिंगरी

ता. १४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नऊच आहे. काल छपाई थांबवली. प्रकाशक तणतणला, तणतणू दे.

बावीस वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी नेमकं हेच म्हणाला होता, सर, इथे गाठ दिसते. भर वर्गात मी म्हणालो, गाठ तुझ्या डोक्यात आहे. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही; विषयच सोडला त्यानं. ठशात तिथे काहीतरी मलाही दिसत होतं. मी तो शाईचा डाग ठरवला, कारण मला आपली भाषा आणखी म्हातारी हवी होती. प्राकृतातून, अपभ्रंशातून ती हळूहळू घडत आली. दगडावर चढण्याआधी कित्येक पिढ्या माणसांच्या तोंडी होती. शंभर वर्षांनी तिचं काय बिघडणार होतं? बिघडलं ते त्या मुलाचं.

तो एका शाळेत भूगोल शिकवतो, असं कळलं. पत्र लिहायला बसलो, तर मायन्यापाशीच अडलो. 'चिरंजीव' लिहायचा हक्क मी ठेवला नाही. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं स्वतः जातोय. काकू सोबत येते म्हणाली, नको म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं, तर ते मी एकट्यानंच पाहिलेलं बरं.

तुझ्यावर राग नाही, हे आधी लिहायला हवं होतं.

तुझा,
काका