कईलाची माणसं

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि धाकटीने फोन कानावरून खाली घेतला.

"कोण गं?"

"कुणी नाही, ताई. राँग नंबर."

राँग नंबरशी कुणी दहा मिनिटं बोलतं? माझ्या वॉकरची खटखट होते, म्हणून हिला आधीच चाहूल लागते. त्याच्या पायांना चिंध्या बांधाव्यात की काय!

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हीच धावून आली, हे मी विसरलेले नाही. सात आठवडे झाले. मला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. एके काळी मी हिच्या वेण्या घालायचे, आता ही माझे केस विंचरते आणि म्हणते, "ताई, किती गं कमी झाले!" हात अजून तसेच मऊ.

पण सात आठवड्यांत नवऱ्याचा एक फोन नाही? विचारलं तर म्हणते, "ते कामात असतात. तू काही कळवू नकोस हं त्यांना, उगीच काळजी करतील." बायको बहिणीकडे सुखरूप आहे, हे कळल्यावर कोणता नवरा काळजी करतो? कुठेतरी पाणी मुरतंय.

६ मार्च, गुरुवार

शाळेत गेले! हाड मोडल्यानंतर पहिल्यांदाच. माझी वर्गमैत्रीण, आमची बडबडी, तिच्या गाडीतून घेऊन गेली आणि रस्ताभर स्वतःच्या जावयाला शिव्या देत होती. शिवणवर्गाची तीच खोली, तीच लांब टेबलं, खिडकीच्या काचेला तोच हिरवा डाग. गुरुवारच्या बायबल वर्गाला आम्ही जुन्या मुली — सगळ्यांत लहान एकसष्ट वर्षांची — आणि तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर, आता शहाऐंशीच्या. अजूनही "मुलींनो, पाठ सरळ!" म्हणतात आणि अजूनही आम्ही सरळ बसतो.

या वेळी त्यांनी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधलं एक गाव — कुणाला सहसा आठवत नाही असं. पुढच्या गुरुवारी एकेकीने उभं राहून सांगायचं, देवाला ते गाव कशासाठी हवं होतं.

"सिस्टर, तुम्हीच सांगा ना," बडबडी म्हणाली.

"मग तुमच्या मानेवर डोकी कशाला दिली आहेत? रिबनी बांधायला?"

मला आलं कईला. बडबडीने वाकून पाहिलं. "हे गाव आहे की औषध?"

७ मार्च, शुक्रवार

कईला सापडलं. जेमतेम पाऊण पानाचं गाव. शत्रू त्यांच्या खळ्यांवरचं धान्य लुटत होते. दावीद तेव्हा स्वतःच जीव मुठीत धरून पळत होता — शौल राजा त्याच्या मागावर. बरोबरची माणसं घाबरलेली, नको नको म्हणत होती. तरी तो गेला, लढला, गाव वाचवलं. मग कळलं की शौल गावाला वेढा घालायला येतोय. तेव्हा दावीदाने देवाला सरळ विचारलं — ही माणसं मला त्याच्या हाती देतील का?

देव म्हणाला, देतील.

ज्यांचं धान्य वाचवलं, त्यांनीच! हे गाव मला ओळखीचं वाटतंय. अकरा वर्षांनी लहान बहीण. आई गेल्यावर हिला मी वाढवलं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी माझा फ्रॉक इतका घट्ट धरून उभी होती की शिवण उसवली.

८ मार्च, शनिवार

दाराची बेल वाजली की ही आधी पडद्याआडून बघते, मग दार उघडते. कुणाची वाट बघतेय?

१० मार्च, सोमवार

आज कळलं कुणाची!

दुपारी मला म्हणाली, "ताई, जरा पड ना, पाय सुजलाय." पाय सुजला नव्हता. तरी मी पडले, डोळे मिटले. थोड्या वेळाने एक बाई आली, ते किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. चपला हातात घेऊन आत आली — आवाज नको म्हणून! दोघी बाहेरच्या खोलीत. सगळं ऐकू आलं नाही, पण जे आलं ते पुरे.

"एकच पलंग लागेल ना?"

"हो. एकटीच."

"जागा आहे आमच्याकडे. कपडे आणि कागदपत्रं तेवढी तयार ठेवा. आणि ताईंना?"

"ताईला आत्ताच काही सांगायचं नाही."

बाई गेल्यावर मी भिंतीच्या आधाराने खिडकीशी गेले. काखेत फाईल. म्हाताऱ्यांच्या कुठल्यातरी संस्थेतलीच असणार, दुसरं काय! म्हणजे मला कुठेतरी टाकणार. एका पलंगावर, अनोळखी म्हाताऱ्यांच्या रांगेत. हे घर ह्यांनी बांधलं, प्रत्येक खिडकीच्या लाकडाचा भुसा माझ्या केसांत पडलाय. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे घर हिचंच, हे मी दहादा सांगितलंय — पण माझ्यामागे! तेवढाही धीर नाही?

रात्रीचं जेवण गेलं नाही. "तोंडाला चव नाही का गं?" म्हणून मऊ भात कालवून चमच्याने भरवायला बसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

११ मार्च, मंगळवार

मेहुण्यांना पत्र लिहिलं. सगळं. ती इथे माझ्याकडे आहे, तिचं काय चाललंय ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का, कृपा करून येऊन जा. ते या घरी कधी आलेले नाहीत, म्हणून खाली पत्ता आणि माझा फोन नंबर घातला. बडबडी आली होती, तिच्याकडून पेटीत टाकून घेतलं. मन हलकं झालं. निदान एका पुरुषमाणसाला विचारता येईल.

१३ मार्च, गुरुवार

शाळा. माझी पाळी आली. मी उठून ठणकावून सांगितलं — कईला म्हणजे कृतघ्न गाव. उपकाराची फेड अपकाराने होते, म्हणून देव भल्या माणसाला वेळेवर सावध करतो. त्या गावाचा अर्थ एवढाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. बडबडी तर म्हणाली, "अगदी माझा जावई!"

सिस्टरांनी मान डोलावली नाही.

"गावाने काय केलं?"

"दावीदाला धरून दिलं, सिस्टर."

"पुन्हा वाच."

वाचलं. दावीद तिथून निघून गेला. ते ऐकून शौलाने येणंच रद्द केलं. संपलं.

"मग कुणी कुणाला धरून दिलं?"

वर्गात उत्तर न आल्यावर कान तापायचे, तसे तापले.

"शौल आला असता, तर त्यांनी दिलं असतं. भिऊन दिलं असतं, किंवा राजाचा हुकूम म्हणून, शहाणपणाने. चांगली माणसं याच कारणांनी देतात," सिस्टर म्हणाल्या. "दावीद त्यांच्यावर रागावला नाही, बाळ. नुसता निघून गेला. त्यांच्या हातून पाप घडायच्या आत. गावाला वाटलं असेल, किती विचित्र माणूस, निरोपसुद्धा घेतला नाही! हेही देवाचं वाचवणंच. फक्त दावीदाला नाही, गावालाही."

बसले. पटलं नाही. सिस्टर आता फार थकल्यात.

१४ मार्च, शुक्रवार

आज मात्र तोंड आवरलं नाही. धाकटी माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती. मी म्हटलं, "तुझी फाईलवाली बाई मी पाहिली आहे. मी काही आंधळी नाही. तुझ्या नवऱ्याला पत्र घातलंय."

वाटलं, भांडेल, रडेल. ती नुसती बसली. हातात माझा झगा.

"कधी टाकलंस?"

"मंगळवारी."

बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "तू विचारायचं होतंस गं मला."

"विचारल्यावर खरं सांगितलं असतंस?"

"नाही," म्हणाली, आणि माझ्या झग्याची पुन्हा नीट घडी घातली.

१५ मार्च, शनिवार

गेली! सकाळी उठले तर घर सुनं. संस्थेत मी जायची होते ना? मग ही कुठे गेली? टेबलावर चिठ्ठी:

"ताई, गोळ्या पाकिटांत घातल्या आहेत, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. न्हाणीघराची फरशी ओली असताना जाऊ नकोस. शेजारच्या काकू दोन्ही वेळा डबा देतील, बोलून ठेवलंय. कुठे जाते ते लिहीत नाही. रागावू नकोस."

कुठे जाते ते लिहीत नाही! मला! जिने हिला लिहायला शिकवलं तिला!

१६ मार्च, रविवार

मेहुण्यांचा फोन. "बरं केलंत कळवलंत. निघालोच." केवढा मृदू आवाज. घरात एक तरी सरळ माणूस आहे.

१७ मार्च, सोमवार

मेहुणे येऊन गेले. आधी पायपुसण्यावर बूट स्वच्छ पुसले. मग एकेक खोली पाहिली — कपाटं, पलंगाखाली, न्हाणीघर. ओरडले नाहीत. माझा वॉकर माझ्या हातातून काढून पलीकडच्या भिंतीशी ठेवला, आणि त्याच मृदू आवाजात पाच वेळा विचारलं, "कुठे गेली?"

पाचही वेळा मी खरं तेच सांगितलं — माहीत नाही.

माहीत असतं, तर पहिल्याच वेळी सांगितलं असतं. हे तिला ठाऊक होतं.