धवलारणीच्या आवाजाची वाटणी

मी, गौराबाई चांगो भोईर, वय बहात्तर, राहणार पोशीर, तालुका कर्जत, धंदा भातशेती आणि लग्नात धवले गाणारी धवलारीण, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दबाव आणून पाहिला तो माझा मुलगा मनोज याने. त्याने मोबाईलमधल्या चॅटबॉटकडून एक मृत्युपत्र आधीच लिहून आणले होते. त्याचे मराठी माझ्यापेक्षा चांगले होते. पण त्यात नेरळला माझा नसलेला बंगला होता आणि तो मी मनोजला दिला होता. तो कागद चुलीत गेला आहे. हे लिखाण तेवढे खरे धरावे.

१. राहते घर व भातजमीन मनोज आणि मुलगी वनिता यांना निम्मी निम्मी. येत्या रक्षाबंधनाला मनोज वनिताला हक्कसोडीचा कागद दाखवेल. तिने साडी घ्यावी, सही करू नये.

२. पितळी ताट आणि माझी धवलारणीची जागा वनिताची मुलगी समिधा हिला.

३. आता आवाज. मनोजने माझे सगळे धवले मोबाईलमध्ये भरून घेतले आणि त्यावरून यंत्राला माझ्या आवाजात गायला शिकवले. म्हणाला, "आय, तू नसलीस तरी तुजा आवाज हाय नं. लोकं बुकिंग करतील." मी समोर बसून भाकरी थापत होते.

मागच्या उन्हाळ्यात मी तापाने पडले, तेव्हा कुंभिवलीच्या सुनीलच्या मुलीच्या हळदीला मनोजने माझ्याऐवजी मोबाईल नेला. हळदीत आधी घरच्या देवांना नाव घेऊन आवतण द्यायचे असते. ती नावे मी घरातल्या सर्वांत जुन्या बाईला विचारते. तिला आठवेना तर थांबते. मनोजने यंत्राला नवरा-नवरीची नावे दिली, देवांची राहिली. यंत्राने 'ठाऊक नाही' म्हटले नाही. त्याने माझ्या आवाजात मेघजाई नावाच्या देवीला आवतण दिले. अशी देवी सुनीलच्या घराण्यात नाही, आसपासच्या तालुक्यांतही मी ऐकलेली नाही. पण आवाज माझा होता, आणि बोलावलेल्या देवाला कोणी दारातून परत पाठवत नाही. त्यांनी नारळ फोडला. आता परसात तिचा शेंदूर लावलेला दगड आहे आणि तिला वर्षाला कोंबडा लागतो. मीही पाया पडून आले. तिची यात काही चूक नाही.

म्हणून माझ्यामागे माझा आवाज कोणत्याही लग्नात लावू नये, विकू नये, भाड्याने देऊ नये. मनोजने लावल्यास त्याच्या वाट्याची जमीन मेघजाईला जाईल.

४. यंत्राचे उपकारही लिहिते, नाहीतर म्हातारी एकतर्फी बोलली असे होईल. डॉक्टरला वेळ नव्हता तेव्हा माझा रिपोर्ट त्याने मला मराठीत समजावला आणि या गोळीबद्दल डॉक्टरला विचारा म्हणाले. विचारले, गोळी बदलली, पायाची सूज उतरली. शिवाय समिधा धवले त्याच्याकडूनच शिकली. मी शिकवताना ओळ चुकली की ओरडते. ती म्हणाली, "आजी, तो चिडत नाय गं. कितीबी येला इचार." मला फार लागले, पण पोरीचे खरे होते. म्हणून भरलेले सगळे धवले शिकण्यापुरते समिधाचे. मी आहे तोवर प्रत्येक ओळ तिने मला म्हणून दाखवावी. मी ओरडणार नाही, प्रयत्न करीन.

५. सहीपूर्वी वाचताना सुचले ते जोडते. वनिताच्या लग्नात पाठवणीचा धवला मीच गायले. मुलगी उंबरा ओलांडते त्या कडव्याला तिच्याकडे पाहिले आणि मला पुढे गाता आले नाही. मागे बसलेल्या बायकांनी कडवे उचलले आणि पुरे केले. मोबाईलमध्ये तेच कडवे मी न अडखळता गायले आहे, कारण तेव्हा समोर फक्त मनोज होता.

समिधाच्या लग्नाला मी बहुधा नसेन. मला असायचे आहे. म्हणून त्या एका दिवशी कलम ३ लागू नाही. पाठवणीला माझा आवाज लावावा. उंबऱ्याच्या कडव्याला वनिता रडेल. मी असते तर थांबले असते, यंत्र थांबणार नाही. तिथे मनोजने आपल्या हाताने ते बंद करावे. पुढचे बायका गातील.

सही: गौराबाई चांगो भोईर

साक्षीदार:
१. सुरेखा कडव, शेजारीण. पाठवणीचे ते कडवे उचलणाऱ्यांत मी होते.
२. सुलेमान मुल्ला, किराणा दुकानदार. समक्ष वाचून दाखवले, ऐकले.

पोशीर, १२ जून २०२५