स्वराची लाल रिबीन

मंगळवार, संध्याकाळ. भांडुप.

स्वराची रिबीन काही डोक्यातून जात नाही. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तिच्या एकाच वेणीला होती. दुसरी कुठे टाकलीस गं, म्हणून ओरडले.

मग तिच्याच वर्गावर, तिसरीला, परिसराचा पाठ. विचारलं, रस्त्यातल्या गटाराचं झाकण गेलं तर चांगला नागरिक काय करतो? हिचाच हात वर. ‘बाई, फांदी खोचायची. लांबून दिसायला वर लाल काहीतरी बांधायचं.’ वर्ग हसला. मी म्हटलं, असं नाही, वॉर्ड ऑफिसला कळवायचं. ‘पप्पांनी कळवलंय, बाई. पण ते येईपर्यंत कोण पडलं तर?’

‘बरं, बस खाली,’ म्हणून पुढे गेले. कसली एवढी घाई होती मला? पोर्शन, दुसरं काय.

शाळा सुटल्यावर रिक्षा मिळेना, म्हणून स्वराच्या वस्तीतून चालत निघाले. वळणावर उघडं गटार. त्यात गुलमोहराची फांदी, आणि फांदीला शाळेची लाल रिबीन.

वाऱ्याने गाठ सुटत आली होती. पर्स खांद्यावर मागे टाकली आणि रिबीन पुन्हा आवळून बांधली. वेणीला बांधतात तशी, रिबिनीचं फूल करून.